स्कॉचची तुलना करायची तर आधी लेबल का झाकायचं?

चार मित्र जमले, टेबलावर चार वेगवेगळ्या स्कॉच आल्या आणि 'यातली भारी कुठली?' यावर वाद सुरू झाला, की त्याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या घोटाआधीच लागलेला असतो. बारा वर्षांपेक्षा अठरा वर्षांची चांगली, ब्लेंडपेक्षा सिंगल माल्ट चांगली, आणि कुणी ड्युटी-फ्रीमधून आणली असेल तर तिचं कौतुक ठरलेलंच. जीभ नंतर फक्त होकार देते. यावरचा उपाय म्हणजे ब्लाइंड टेस्टिंग, अर्थात बाटली झाकून चव घेणं.

मित्रांच्या अशाच एका गटातून स्कॉटलंडमध्ये एक मोठी संस्था उभी राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरामधल्या पिप हिल्स यांनी मित्रांकडून वर्गणी काढून ग्लेनफार्क्लस डिस्टिलरीकडून व्हिस्कीचं एक पीपच विकत घेतलं. ती व्हिस्की सगळ्यांना आवडली, वर्गणीदार वाढत गेले आणि १९८३ मध्ये 'स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी' स्थापन झाली. या सोसायटीच्या बाटलीवर डिस्टिलरीचं नाव ठळक छापलेलं नसतं, असतो तो आकडा. पहिला आकडा डिस्टिलरीचा, दुसरा पिपाचा. नाव वाचून मत बनवू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

लेबल नेमकं काय सांगतं?

स्कॉच म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच बनावी लागते, तिथेच ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिपात किमान ३ वर्षं मुरावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असावं लागतं. २००९ च्या ब्रिटिश नियमांत हे स्पष्ट आहे. त्यामुळे गोव्यात बनणारी पॉल जॉन कितीही नावाजली गेली तरी ती सिंगल माल्ट आहे, स्कॉच नाही. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. एका पिपातली किंवा एका वर्षाची, असा त्याचा अर्थ नाही. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलसारख्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र येतात.

बाटलीवरचं वय हे आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. आणि वय म्हणजे पिपातली वर्षं. कपाटात दहा वर्षं ठेवलेली १२ वर्षांची बाटली १२ वर्षांचीच राहते. स्कॉटलंडच्या थंड हवेतही पिपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. जुनी व्हिस्की महाग असण्यामागे हे एक मोठं कारण आहे, पण महाग म्हणजे अधिक चवदार असं त्यातून सिद्ध होत नाही.

चवीचा मोठा भाग येतो तो पिपाच्या लाकडातून. अमेरिकेत बर्बन फक्त नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच मुरवता येते. त्यामुळे तिथली एकदा वापरलेली पिपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात आणि व्हिस्कीला व्हॅनिला, मधाकडे झुकणारी चव देतात. स्पेनच्या शेरी वाइनच्या पिपांमुळे मनुका, सुका मेवा, लवंग-दालचिनीची आठवण येते. ग्लेनलिव्हेट आणि शेरी पिपात मुरलेली मॅकॅलन या दोन्ही स्पेसाइडच्याच, दोन्ही १२ वर्षांच्या घेतल्या तरी फरक नवख्यालाही कळतो.

दुसरी ठळक गोष्ट धूर. मोड आलेली बार्ली वाळवताना पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती जाळली, की तो धूर दाण्यात उतरतो. यासाठी प्रसिद्ध बेट म्हणजे आयला. (हो, उच्चार हाच. मराठी माणसाला तो विसरता येणार नाही.) आर्डबेग, लफ्रॉइग पहिल्यांदा पिणाऱ्याला अनेकदा दवाखान्याचा वास आठवतो. पण प्रदेशावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. त्याच आयला बेटावरच्या बुनाहाव्हनची बरीचशी व्हिस्की धुराविना असते.

मग फसतं काय?

डोळे फसतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात बोर्डोमधल्या वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. स्कॉचमध्ये तर कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानेच परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हा हिशोब तिथेच संपतो.

किंमतही फसवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एकच वाइन १० आणि ९० डॉलरची म्हणून दिली, तेव्हा लोकांना ९० डॉलरची जास्त आवडली. भारतात तर किमतीत कराचाच मोठा वाटा. स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने सही केलेल्या व्यापार करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. थोडक्यात, बिलाचा मोठा भाग ज्याच्यासाठी भरला जातो, ते ग्लासात नसतंच.

घरी कसं करायचं?

चार बाटल्या पुरेत. एकाने ओतायचं आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून १ ते ४ आकडे टाकायचे. ओतणाऱ्याने स्वतः गुण द्यायचे नाहीत. प्रत्येकी १५ मिली धरली तर चारांचे मिळून ६० मिली, म्हणजे एक लार्ज पेग. धुरकट व्हिस्की शेवटी ठेवायची, कारण तिच्यानंतर हलकी व्हिस्की पाण्यासारखी लागते. ग्लास तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास कोंडून राहतो. खोलीत उदबत्ती नको आणि चकणा नंतर. चिली चिकनने भाजलेल्या जिभेला शेरीचं पीप कळणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं. गटातला जाणकार 'व्वा, काय फिनिश आहे' म्हणाला, की बाकीच्यांनाही तो फिनिश जाणवायला लागतो.

पहिला घोट पाणी न घालता आणि दुसरा थेंबभर पाणी घालून घ्यावा. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय मॉडेलने दाखवलं, की पाण्याने अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की धुरकट वासाचे ग्वायकॉलसारखे रेणू पृष्ठभागाकडे येतात. बर्फ घातला तर उलट होतं, वास दबतो. एरवी प्यायला बर्फ चालेल, तुलनेला नाही.

'मला १२ आणि १८ मधला फरक लगेच कळतो' म्हणणाऱ्यासाठी तीन ग्लासांची परीक्षा आहे. दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी आणि वेगळी ओळखायची. खाद्य उद्योगात ही पद्धत रोजची आहे. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकट्याच्या यशाला फार अर्थ नाही. पाच जणांपैकी किमान चौघांनी बरोबर सांगितलं, तर मात्र ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता साधारण साडेचार टक्केच उरते. मग त्या दोन व्हिस्कींमधला फरक खरा मानायला हरकत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजायचे का, हा प्रश्न वेगळा.

कायद्याचं काय? महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट २१ आहे. कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात, घरी तसं केलं तर हसायचं कारण नाही. थुंकलं तरी गाडीची किल्ली त्या दिवशी हातात घेऊ नये.

उरलेल्या बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, वाइनसारख्या आडव्या नाही. तीव्र अल्कोहोल सतत लागत राहिलं तर बूच खराब होतं. आणि तळाशी थोडीच उरली असेल तर वर्षभर जपून ठेवू नये, आत शिरलेल्या हवेने चव हळूहळू उतरते.