श्रोता मोजायचा कसा?

नाटकवाल्याला भरलेल्या खुर्च्या दिसतात. निवेदकासमोर मात्र नुसता माइक. पलीकडे कोण ऐकतंय, हे रेडिओला कायम दुसऱ्याकडूनच विचारून घ्यावं लागलं.

आधी ते पोस्टाला माहीत असे. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून परवाना काढायचा, दरसाल पैसे भरायचे. १९८०च्या दशकात ही कटकट सुटली. पण पोस्टाच्या दप्तरी संच नोंदले जात, त्याभोवती जमलेली आळी नव्हे.

ती आळी मोजायचा सगळ्यात नेटका प्रयत्न पुण्यात झाला. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने १५० गावांत श्रोता मंडळं उभी केली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांकडून घेतलेली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकूण २० कार्यक्रम. वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर वाद घालायची, आणि उरलेल्या शंका केंद्राकडे लेखी जायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूरथ यांनी पाहणी केली. मंडळ नसलेली गावंही तुलनेला घेतली होती. त्यातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळांच्या गावांत माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत अगदी थोडी. म्हणजे सगळी करामत त्या नंतरच्या वादात होती! मला तरी हा निकाल आजही चकित करतो.

सिनेगीतांच्या श्रोत्याने असल्या पाहणीची वाट पाहिली नाही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीताबाबत हात आखडता घेतला, तेव्हा तो रेडिओ सिलोनकडे वळला. १९५२च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांचे ढीग लागले. तिचे निवेदक अमीन सयानी पुढे गाण्यांची क्रमवारी लावताना रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतंही धरत. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया तर फर्माइशीच्या पत्रांमुळेच देशाला ठाऊक झालं. अर्थात पत्रांत मोजला जाई तो हौशी माणूस. नाव पुकारलं जावं म्हणून एकाच गाण्याला कार्डांमागून कार्डं टाकणारा. मुकाट ऐकणारी बाई त्यात नव्हतीच.

आजचे पॉडकास्टवाले पत्रांऐवजी डाउनलोड मोजतात. आकडा अगदी नेमका; फक्त तो फोनचा असतो. २०२३मध्ये अॅपलने न ऐकलेले जुने भाग आपोआप उतरवून घेणं कमी केलं, तेव्हा कित्येक नामांकित कार्यक्रमांचे आकडे कोसळले. गेले ते श्रोते मुळात ऐकतच नव्हते, आणि जाहिरातदार इतके दिवस त्यांचेही पैसे मोजत होते.