बंड कोणाचे? पल्प मासिकांतल्या परग्रहकथा

अमेरिकेतली ‘पल्प’ मासिके लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापली जात. काही वर्षांतच पाने पिवळी पडत, कडांचे तुकडे पडू लागत. लेखकाला शब्दामागे सेंटभर मिळे, कधी त्याहूनही कमी. या मासिकांतल्या अंतराळकथांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ही काउबॉयचीच गोष्ट, फक्त घोड्याच्या जागी यान आणि आदिवासींच्या जागी हिरवे मंगळवासी. आक्षेपात तथ्य आहे. १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’त एडगर राइस बरोजची मंगळावरची कादंबरी क्रमशः आली. तिचा नायक जॉन कार्टर यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेला कॅप्टन. ॲरिझोनात अपाची योद्धे पाठीवर असताना तो गुहेत शिरतो, तिथून मंगळावर पोचतो आणि बघता बघता तिथला सरदार होतो. ऑगस्ट १९२८च्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये फिलिप नोलनने बक रॉजर्सची पहिली कथा लिहिली. तिच्यात बंड आहे, पण ते अमेरिका जिंकून बसलेल्या आशियाई ‘हान’ लोकांविरुद्ध. त्यातला वंशद्वेष झाकलेलाही नाही.

तरीही हा आक्षेप १९१२ आणि १९२८ पाशीच थांबतो. त्याच कागदावर पुढच्या वीसेक वर्षांत बंडाची बाजू पालटली, आणि या कथांचे खरे मोल मला तिथे दिसते. १९३४ साली ‘वंडर स्टोरीज’मध्ये स्टॅन्ली वाइनबॉमचा जार्विस मंगळावर कोसळतो आणि आपल्या तळाकडे पायी निघतो. वाटेत तो ट्वील नावाच्या पक्ष्यासारख्या जिवाला वाचवतो. पुढे संकटात ट्वील त्याची साथ सोडत नाही, आणि त्याची बुद्धी माणसाहून कमी नाही हे जार्विसला कळून चुकते. जगायचे तर परग्रहवासीयाशी मैत्री करावी लागते, ही गोष्ट त्या काळी नवी होती. ती पुढे नेली ली ब्रॅकेट या लेखिकेने. १९४९ साली ‘प्लॅनेट स्टोरीज’मध्ये आलेला तिचा एरिक जॉन स्टार्क बुध ग्रहावर अनाथ झालेला, तिथल्या रहिवाशांनी वाढवलेला. पृथ्वीवरून आलेले खाणवाले त्याच्या पालनकर्त्यांना ठार मारतात आणि त्याला पिंजऱ्यात घालतात. मोठा झाल्यावर तो शुक्रावरच्या टोळ्यांना बंदुका पुरवतो, कारण एका धातू कंपनीला त्यांची जमीन हवी आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कथेत तो शुक्रावरच्या लाल, वायुमय समुद्राच्या तळाशी गळ्यात पट्टा अडकवलेल्या गुलामांत जाऊन पडतो, आणि तिथून उठाव होतो. त्या सुमारास आशियातल्या वसाहती एकेक करून स्वतंत्र होत होत्या. बंडाच्या या कथा येत होत्या त्या भडक मुखपृष्ठांच्या, विद्वानांनी हातात न धरलेल्या मासिकांत. संपादकाला वेग आणि हाणामारी हवी असे. तेवढे दिले की लेखिका कोणाच्या बाजूने लढते याकडे फारसे कोणी पाहत नसे, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, सुटका करणारा शेवटी बाहेरचाच. हे खरे आहे, आणि ती या कथांची मर्यादा आहे. ब्रॅकेटने स्टार्कची कातडी उन्हाने काळी पडलेली लिहिली, तर चित्रकारांनी त्याला गोरा रंगवला. म्हणजे लेखिका जिथवर गेली तिथवर मासिक गेले नाही. पण तिने बंडखोरांना देवही केले नाही. स्टार्कच्या मंगळावर घडणाऱ्या पहिल्या कथेत बंडाचे पुढारीच आपल्या माणसांना फसवतात, आणि स्टार्कला त्यांच्याविरुद्ध उभे राहावे लागते. निव्वळ करमणुकीपुरते लिहिणाऱ्याला एवढ्या गुंत्यात शिरायची गरज नसते.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. या कथांतले वस्ती असलेले ग्रह खोटे ठरले. १९६५ साली मरिनर-४ या यानाने मंगळावरची विवरे दाखवली. शुक्र भट्टीसारखा तापलेला आहे हे त्याआधीच कळले होते. ‘प्लॅनेट स्टोरीज’ तर १९५५ सालीच बंद पडले होते. मग या कथांत उरले काय? बंडाचा प्रश्न उरला. १९७४ साली ब्रॅकेटने स्टार्कला पुन्हा आणले, या वेळी सूर्यमालेबाहेरच्या स्केथ या ग्रहावर. तो ग्रह मरणपंथाला लागलेला आहे. तिथल्या काही लोकांना तो सोडून जायचे आहे, आणि सत्ताधारी त्यांना जाऊ देत नाहीत.