‘सर्वांसाठी’ असलेली गाडी : परदेशी बसगाड्यांच्या खरेदीचा धडा



मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक बसगाड्यांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे पहिले उत्तर शब्दातच आहे. ‘बस’ हे ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे उरलेले शेपूट. मूळ शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. दुसरे उत्तर आपल्या भूगोलात आहे. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या रेल्वेमार्गावर. सौसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर, आणि तो मार्ग कालपरवापर्यंत अरुंद होता. परंतु पांढुर्णा आणि सौसर यांना थेट जोडणारी रेल्वे नाही. या दोन गावांमधील सारा व्यवहार रस्त्यावरून, म्हणजे सामान्य माणसाच्या बाबतीत बसमधूनच, होत आला आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीची एक आठवण सांगतो. परीक्षेच्या दिवशी आमची गाडी वाटेतच बंद पडली. गाडी जुनी, परदेशी बनावटीची. चालक खाली उतरला, झाकण उघडले आणि म्हणाला, “याचा सुटा भाग आता मिळत नाही.” आम्ही मुले धावत-चालत, एका ट्रकचा आधार घेत कशीबशी पोहोचलो. आमच्याबरोबरच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी परत घरी नेले. तिचा पेपर बुडाला, आणि पुढे तिचे शिक्षणही थांबले. ‘सुटा भाग मिळत नाही’ हे वाक्य माझ्या कानात राहिले, ते तिच्यामुळे.

तो भाग का मिळत नव्हता, याचा शोध घेताना थोडे मागे जावे लागते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली. त्या आरंभीच्या काळात एस.टी.च्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडॉन, स्टुडिबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटीच्या गाड्या होत्या. महायुद्धानंतरच्या टंचाईत जे मिळेल ते घेणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि दहा बनावटी म्हणजे सुट्या भागांची दहा कोठारे, आणि एका गाडीचा भाग दुसरीला बसणार नाही. लाकडी बांधणी आणि काथ्याची आसने येथे करता येत होती; इंजिन मात्र सातासमुद्रापलीकडचे होते.

पुढे आणखी एक अडचण आली. १९५३ मध्ये भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, ज्या कंपन्या केवळ परदेशी भागांची जुळणी करतात आणि येथे उत्पादन करण्याची योजना देत नाहीत, त्यांनी आपले काम आवरते घ्यावे. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चालणारा जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डनेही काढता पाय घेतला. देशी उद्योगाच्या दृष्टीने हे धोरण योग्यच होते. त्याच १९५४ साली जमशेदपुरात टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. परंतु रस्त्यावर आधीच धावत असलेल्या परदेशी गाड्या पोरक्या झाल्या. त्यांच्या नशिबी भंगारातून भाग शोधणारा मिस्त्री आला.

हा धडा मुंबईसारख्या शहरानेही पूर्णपणे घेतला नाही. ११ जून १९६२ रोजी बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव या मार्गावर चेकोस्लोव्हाकियाहून आणलेल्या ट्रॉलीबस सुरू केल्या. वारंवार होणाऱ्या बिघाडांमुळे २४ मार्च १९७१ रोजी त्या बंद कराव्या लागल्या. पुन्हा २००७ नंतर चिनी बनावटीच्या किंग लाँग वातानुकूलित गाड्या आल्या. दिसायला जांभळ्या आणि देखण्या. पण उड्डाणपुलांच्या चढावर त्या दमत, इंधन फार खात आणि वरचेवर बंद पडत. एप्रिल २०१७ मध्ये बेस्टने ती वातानुकूलित सेवाच थांबवली.

आता आपल्या शेजारचे नागपूर घेऊ. २०१४ मध्ये तेथे स्कॅनिया या स्वीडिश कंपनीची इथेनॉलवरील बस प्रायोगिक स्वरूपात धावली. पुढे तिचा ताफा झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने सेवा थांबवली. तिने कारणे दिली ती थकलेल्या देण्यांची आणि अपुऱ्या सोयींची. म्हणजे येथे दोष यंत्रात नव्हता, व्यवहारात होता. किंबहुना या साऱ्या उदाहरणांचे सूत्र एकच आहे : आपण गाडी विकत घेतली, पण पंधरा वर्षांची तिची देखभाल विकत घेतली नाही. निविदेत किंमत पाहिली जाते; सुटे भाग कोठून येतील, चढ किती आहे, मिस्त्रीला शिकवील कोण, पैसे वेळेवर देईल कोण, हे प्रश्न उद्घाटनाचा हार सुकल्यावर विचारले जातात.

आपल्या प्रदेशात तर प्रश्न याहून मूलभूत आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूरकडची सरकारी मोटारसेवा मुंबई राज्याच्या एस.टी.त गेली आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. १९६२ मध्ये मध्य प्रदेशाचे परिवहन महामंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये ते गुंडाळण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून आपली भिस्त खाजगी गाड्यांवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसरच्या शेतकऱ्याचे कचेरीचे गाव छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा झाले. त्याला रेल्वेने थेट तेथे जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. तिच्यात गाड्या खाजगी व्यावसायिकांच्या असतील आणि देखरेख शासकीय कंपनीची.

या योजनेचे मी स्वागत करतो. मात्र माझ्यासमोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, लोकप्रतिनिधी आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, गाडीचा रंग आणि आसने पाहून समाधान मानू नका. करारात देखभालीची अट आहे काय, गाडी बंद पडल्यास दुसरी किती वेळात येईल, हे विचारा. परीक्षेच्या दिवशी एखादी मुलगी सौसरच्या रस्त्यावर उभी असेल. ती गाडी तिच्यासाठीही आहे.