फोनच्या पलीकडे पोलीस?

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. जगणं नकोसं झालेला माणूस हेल्पलाइनला फोन करतो. पलीकडच्यानं पोलिसांना कळवावं का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा या धर्मगुरूंनी अशा माणसांसाठी टेलिफोन सुरू केला. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. तेव्हा इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, तो १९६१ पर्यंत. अशा काळात 'तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही' या शब्दाचं मोल काय असेल, बघा.

तोच गुन्हा इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३०९ म्हणून आपल्याकडे आणला. त्यांनी स्वतःच्या घरातून तो काढला. आपल्याकडे मात्र राहिला. मुंबईत तर अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायावरच हे कलम लागलं. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वैध ठरवलं.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चला, त्याच्यावर खटला नको, त्याची काळजी सरकारने घ्यावी, असं कलम ११५ म्हणतं. मानसिक आजारामुळे धोक्यात असलेल्या माणसाला पोलिसांनी संरक्षण द्यावं, चोवीस तासांत आरोग्य संस्थेत न्यावं, कोठडीत ठेवू नये, असं कलम १०० सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३०९ नाहीच. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

कायदा बदलला, पण दारात खाकी दिसली की छातीत होणारी धडधड बदलली का? नाही. शेजारी काय म्हणतील, ही भीती तर आहेच. या भीतीपोटी कुणी फोनच केला नाही, तर हेल्पलाइन कुणाचं ऐकणार? उलट, जीव जातोय हे कळूनही गप्प बसणं, याला आम्ही स्वातंत्र्याचा आदर म्हणणार नाही.

म्हणून आम्हाला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी ऐकावं, मग त्याला विचारून घरचं माणूस किंवा डॉक्टर गाठावा. पोलीस अगदी शेवटी, जीव तत्काळ धोक्यात असेल तरच. आणि तेही शक्यतो त्याला सांगून, साध्या वेशात. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर आहे. तो नंबर फिरवणारा माणूस आरोपी नाही, हे आधी आपल्या मनाला पटायला हवं.