मौनाचा बाजार

हा विषय व्यासपीठावर घेऊ नका, असे मला दोन स्नेह्यांनी सुचविले. परंतु गिरण्या-कारखान्यांच्या वस्तीत अर्धे आयुष्य घालविल्यावर मला एक गोष्ट पटली आहे : ज्या दुखण्याचे नाव घेण्याची लाज वाटते, त्याचेच औषध सर्वांत महाग विकले जाते. समागमाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियास ताठरता न येणे, हे ते दुखणे.

दुखणे जुनेच आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक, आणि चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या पूर्वजांना हा विषय लपविण्याजोगा वाटला नाही. लाज मागाहून आली.

युरोपात १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले की, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्याने आपली गेलेली शक्ती परत आली. लोकांची झुंबड उडाली. वास्तविक वृषणातील टेस्टोस्टेरोन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा त्या पाणचट अर्कात ते नाममात्रच असणार. गुण आला तो समजुतीचा. १९२० साली सर्ज व्होरोनॉफ याने माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसांत बसविण्यास आरंभ केला. धनिकांची रीघ लागली; पण परक्या प्राण्याचे मांस आपले शरीर टिकू देत नाही. १९३५ साली टेस्टोस्टेरोन प्रयोगशाळेत तयार झाले. तेही ज्याच्या शरीरात त्याची उणीव आहे, त्यालाच उपयोगी.

आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे हरले, त्यांना दंड झाला. भोंदू वैदू मात्र मोकळेच राहिले. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी केली. तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंती वाचल्यास त्या कायद्याचा पत्ता लागत नाही.

हा सारा दोष मनाचा, असेच डॉक्टरही पुष्कळ काळ मानीत. १९८३ साली लास व्हेगास येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःच्या इंद्रियात औषध टोचून घेतले आणि त्याचा परिणाम सभेस प्रत्यक्ष दाखविला. सभ्यतेला हे सोडून झाले; पण मनात कामवासना नसतानाही रक्तवाहिन्या सैलावल्या की कार्य होते, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढची कथा अधिक नवलाची. इंग्लंडमध्ये सँडविच येथे फायझर कंपनी हृदयशूळावर सिल्डेनाफिल हे औषध शोधीत होती. वेल्समधील मर्थर टिडफिल या कोळसा-लोखंडाच्या जुन्या गावी ते निरोगी पुरुषांना देऊन पाहिले. छातीवर गुण बेताचा. पण हा भलताच परिणाम त्या पुरुषांनी सांगितला. संकोचाने ते गप्प बसते, तर शोध तिथेच बुडाला असता! १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ‘व्हायाग्रा’ला परवानगी मिळाली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या कृतीवर हक्क मिळे, पदार्थावर नव्हे. म्हणून भारतीय कारखान्यांना हीच गोळी स्वस्तात काढता आली. २००५ साली तो कायदा बदलला.

गोळीने भागले नाही तर निर्वात नळी आहे, टोचण्याचे औषध आहे, शस्त्रक्रियेने बसविण्याचा आधार आहे. पण एक इशारा : छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही गोळी घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तेव्हा डॉक्टरला विचारल्याखेरीज ती घेऊ नये.

आमचा एक कामगार दोन महिन्यांचा पगार एका तंबूवाल्याच्या पुड्यांत घालवून बसला. अखेर रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. तो कित्येक दिवस आत पोखरीत होता. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या बारीक. म्हणून मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली वर्दी पुष्कळदा तेथूनच येते. ती वर्दी लपविणारा आपले पौरुष राखीत नाही, आयुष्य कमी करतो.

संघटनेत आम्ही शिकलो की, गाऱ्हाणे बोलून दाखविल्याविना निकालात निघत नाही. शरीराच्या गाऱ्हाण्यालाही तोच नियम लागू आहे.