छत्रीपासून सूर्यघड्याळापर्यंत

गेल्या चैत्रात आम्हा उभयतांना इटली देशात चार दिवस मोकळे मिळाले. फ्लोरेन्स येथे भाड्याची एक लहानशी मोटार घ्यावयाची, तोस्काना व उंब्रिया या दोन प्रांतांतील डोंगरमाथ्यावरची काही गावे पाहावयाची आणि सुटी संपताच परतावयाचे, एवढाच आमचा बेत होता. ऋतू वसंताचा, ऑलिव्हच्या बागांतून वळणे घेत जाणारे रस्ते, आणि प्रत्येक वळणावर दूरच्या शिखरावर तटबंदीने वेढलेले एखादे गाव. इतिहास धुंडाळावयास आम्ही निघालो नव्हतो. परंतु पहिल्याच सकाळी एका मराठी नावापाशी आमची पावले थांबली आणि शेवटच्या सायंकाळी दुसऱ्या मराठी नावापाशी. या दोन नावांच्या दरम्यान जी गावे लागली, त्यांचा अर्थ आम्हाला परतल्यावरच थोडाफार उमगला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

गोमंतकातील वाचकांना फ्लोरेन्स अगदीच परके नाही. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवपेटीखाली जी संगमरवरी बैठक आहे ती तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेली असून फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडविलेली आहे. १६९८ साली ती तेथे बसविण्यात आली. कोल्हापूरकरांचे या नगराशी जडलेले नाते मात्र याहून कितीतरी करुण आहे. नगराच्या पश्चिमेस काश्शीने नावाचे विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या अगदी टोकाशी मुन्योने ही लहान नदी आर्नो नदीला मिळते. त्या संगमानजीक, उंच वृक्षांच्या सावलीत, आपल्याकडील घाटाची एक छत्री उभी आहे आणि तिच्याखाली एका तरुण राजाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

महाराज १८६६ साली गादीवर आले. समुद्रगमन धर्मबाह्य मानण्याचा तो काळ. तथापि १८७० साली ते इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्स येथे त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. फ्लोरेन्स हे त्या वेळी इटलीच्या राज्याचे राजधानीचे नगर होते. त्या ख्रिस्ती नगरात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. परंतु महाराजांच्या बरोबरच्या मंडळींनी आपल्या धर्माप्रमाणे दहनाचा आग्रह धरला आणि नगराच्या अधिकाऱ्यांनी त्याला मान्यता दिली. दोन नद्यांचा संगम पाहून तेथे रात्री चिता रचण्यात आली. पुढे १८७४ साली छत्री पूर्ण झाली. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविला. १९७८ साली जवळच आर्नोवर जो मोठा पूल झाला, त्यालाही लोकांनी या स्मारकावरून ‘हिंदी माणसाचा पूल’ असेच नाव दिले. विसाव्या वर्षी परमुलखात मृत्यू यावा हे दुर्दैव खरे. तरी त्या मृत्यूला संगम मिळाला, छत्री मिळाली, नाव मिळाले. आम्ही छत्रीला प्रदक्षिणा घातली आणि मोटारीत बसलो.

फ्लोरेन्सच्या नैऋत्येस, डोंगरांच्या रांगांत, मोंतेगुफोनी नावाचा एक जुना गढीवजा वाडा लागतो. दुसऱ्या महायुद्धात फ्लोरेन्सच्या चित्रशाळेतील अमोल चित्रे बॉम्बवर्षावापासून वाचावी म्हणून खेड्यापाड्यांतील वाड्यांत हलविली होती. त्यांपैकी पुष्कळशी येथे होती. जुलै १९४४ च्या अखेरीस हा मुलूख ८ व्या भारतीय डिव्हिजनने घेतला, तेव्हा लढाईच्या रेषेपासून काही मैलांवर, भिंतींना टेकून ठेवलेली ती चित्रे सैनिकांना आढळली. त्यांत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ हे चित्रही होते. ‘प्रिमावेरा’ म्हणजे वसंत ऋतू. ज्या वसंताची शोभा पाहावयास आम्ही मोटार घेऊन निघालो होतो, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रावर एके काळी आपल्या देशातील शेतकऱ्यांच्या मुलांनी पहारा केला होता. या गोष्टीची गाठ मनाशी बांधून आम्ही सिएनाकडे वळलो.

सिएना तीन टेकड्यांच्या कण्यावर वसलेले आहे. वाहन तटाबाहेर ठेवावे लागते; आतील गल्ल्या माणसांच्या व खेचरांच्या मापाने बांधलेल्या आहेत. डोंगरावर गाव का वसवावे, याचे उत्तर या चढणीवर पायांनाच मिळते. खाली दरीत पाणी आहे, सुपीक जमीन आहे, राजमार्ग आहे. पण त्याच मार्गाने शत्रूही येतो. वर पाण्याचे दुर्भिक्ष. सिएनाच्या लोकांना ते मैलोगणती भुयारे खोदून आणावे लागले. तरी त्यांनी वरच राहणे पसंत केले, कारण वर झोप शांत लागते. पाहुण्याला आज जे सौंदर्य दिसते ते मुळात भयातून निर्माण झालेले आहे. भयग्रस्त मनुष्य दोन गोष्टी करतो: तट बांधतो आणि देवाला शरण जातो. या गावांत तट व देऊळ यांचे चिरे एकाच डोंगरातून निघालेले असतात.

सिएनाच्या नगरसभेच्या दालनात आम्ब्रोजिओ लोरेंझेत्ती याने १३३८-३९ या वर्षी भिंतींवर चांगला राज्यकारभार व वाईट राज्यकारभार यांची चित्रे काढली. चांगल्या राज्यात वेशी उघड्या आहेत, शेतकरी धान्याची पोती घेऊन चढणीवरून नगरात येत आहे, आणि निर्भयता ही देवता त्यांच्यावर आकाशात तरंगत आहे. त्याच १३३९ साली नगरजनांनी आपले मुख्य देऊळ एवढे वाढविण्याचे ठरविले की, उभे असलेले विशाल मंदिर हे नव्या मंदिराची केवळ एक बाजू व्हावी. भिंती चढू लागल्या. १३४८ साली महामारी आली. नगरातील निम्म्याहून अधिक माणसे गेली असे मानतात. लोरेंझेत्तीही त्याच साथीत गेला असावा. काम थांबले ते कायमचे. त्या अपुऱ्या मंदिराची दर्शनी भिंत आजही छपरावाचून उभी आहे आणि तिच्या कमानींतून आकाश दिसते. पडक्या वास्तूचे दगड कोणीही नेले असते, पण सिएनाकरांनी ती भिंत राखली. आपल्याकडे देवस्थानांचे महाजन जुन्या स्थानाची खूण जशी जतन करतात, त्याच भावनेने ती राखली असावी, असे आम्हाला वाटले.

तिसऱ्या दिवशी आम्ही उंब्रियात गुब्बिओ येथे पोहोचलो. इंजिनो पर्वताच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले हे करड्या दगडाचे गाव. येथे दरवर्षी १५ मे रोजी, गावाचे अधिदैवत मानलेले संत उबाल्दो यांच्या पुण्यतिथीच्या पूर्वदिनी, लाकडाचे तीन प्रचंड मनोरे खांद्यांवर घेऊन गावकरी धावत डोंगर चढतात. आमच्या वाट्यास तो सोहळा नव्हता. आम्ही वरच्या देवळात ते मनोरे तेवढे पाहिले आणि पालखीला खांदा देणाऱ्यांच्या खांद्यांवरचे घट्टे आठवले.

परंतु गुब्बिओत आम्हाला खिळवून ठेवले ते ब्राँझच्या सात पत्र्यांनी. नगरातील प्राचीन प्रासादात ते जपून ठेवले आहेत. १४४४ साली ते सापडले आणि १४५६ साली नगराने विकत घेतले. ते इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांतील असून त्यांवरील भाषा लॅटिन नव्हे, तर तिची भगिनी असलेली, पुढे लुप्त झालेली उंब्रियन भाषा आहे. त्यांत एका पुरोहितसंघाचे विधी लिहिलेले आहेत: पक्ष्यांवरून शकुन कसा पाहावा, कोणत्या वेशीपाशी कोणत्या देवाला कोणता बली द्यावा, गावाची प्रदक्षिणा कशी करावी. इतकेच नव्हे, तर संघाला कोणी किती धान्य द्यावयाचे, बलीचा वाटा कोणाला किती मिळावयाचा, आणि काम नीट न करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड किती, हेही आहे. देवस्थानच्या कारभाराची वही ज्यांनी कधी चाळली असेल, त्यांना हा मजकूर वाचताना दोन हजार वर्षांचे अंतर जाणवणार नाही.

त्या प्रार्थनांतील शब्द पाहून तर आम्ही चकित झालो. देव पित्याचे नाव आपल्या द्यौष्पितराच्या कुळातले. माणसांना ‘वेइरो’ म्हटले आहे, आपल्या ‘वीर’ शब्दाचे भावंड. गुरांना ‘पेक्वो’, म्हणजे ‘पशु’. आणि ज्यांच्या सुखरूपतेसाठी मागणे मागितले आहे त्यांत ‘दुपुर्सुस’ व ‘पेतुर्पुर्सुस’ आहेत: द्विपद आणि चतुष्पद. वैदिक ऋषींनी दोन पायांच्या व चार पायांच्या प्राण्यांसाठी कल्याण मागितले. येथील पुरोहितांनीही तेच, त्याच जोडीने मागितले. भाषापंडित हे साम्य एका अतिप्राचीन समान वारशाचे मानतात. आमच्या लक्षात राहिले ते वेगळेच. या प्रार्थनांत पुनःपुन्हा दोन गोष्टींसाठी रक्षण मागितले आहे: या डोंगरासाठी आणि या नगरासाठी. म्हणजे डोंगरावरच्या गावाची सर्वांत जुनी लेखी प्रार्थनाही भयातूनच निघालेली आहे.

ती प्रार्थना प्रत्येक वेळी फळास आली असे मात्र नाही. गुब्बिओच्या तटाबाहेर चाळीस हुतात्म्यांचे स्मारक आहे. २२ जून १९४४ रोजी जर्मन सैन्याने सूड म्हणून गावातील चाळीस निरपराध माणसांना गोळ्या घातल्या. रोम ४ जूनला पडले होते. जर्मन सैन्य उत्तरेस हटत होते, आणि हटताना प्रत्येक डोंगरमाथा लढवीत होते. ज्या उंचीने शतकानुशतके गावाचे रक्षण केले, तीच आता तोफांना हवीशी झाली. शिखरावरचे गाव ज्याच्या हाती, त्याच्या हाती खालची दरी. गुब्बिओच्या पश्चिमेस टायबर नदीच्या खोऱ्यातून १० वी भारतीय डिव्हिजन वर सरकत होती. तिच्यात ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ३ री पलटण होती.

चौथ्या दिवशी आम्ही त्याच खोऱ्यात मोंतोने या गावी गेलो. वस्ती दीड हजारांच्या आसपास. पंधराव्या शतकात इटली गाजविणारा सेनानी ब्राच्चो दा मोंतोने याच घराण्याचा. या परिसरात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्या हाताखालचे सर्व जवान मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटेच शत्रूच्या मोर्चावर धावून गेले. हातगोळा फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले, एकास गोळी घातली, आणि बंदुकीचे मॅगझिन बदलण्यास अवधी नाही असे पाहून तिची नळी हाती धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. त्याच मोर्चात दबा धरलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. ते कोकणातील माणगाव तालुक्याचे, वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ते पदक पत्नीच्या हाती आले. पती परत आला नाही. त्यांची कबर नाही की समाधी नाही. कॅसिनो येथील स्मारकावर इतर हजारोंबरोबर त्यांचे नाव कोरलेले आहे.

इटलीच्या या मोहिमेत ४ थी, ८ वी व १० वी अशा तीन भारतीय डिव्हिजनांतील ५,७८२ सैनिक कामी आले. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा भारतीयांना मिळाले. त्यांत दुसरे मराठा शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजवून ते सुखरूप घरी परतले. हे सैनिक परक्या सरकारच्या चाकरीत लढले, हे खरे. म्हणून आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर त्यांच्याविषयी बोलताना जीभ अडखळली. बेळगावात १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र असूनही आम्ही स्वतः या नावांकडे कधी वळून पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

ज्यांच्या डोंगरासाठी ते पडले त्या गावाने मात्र २०२३ साली, एकोणऐंशी वर्षांनी, घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळ आहे. त्याच्या बोधवाक्याचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो. छत्रपतींना दोन नद्यांचा संगम लाभला होता. नाईकाला येथे सूर्य लाभला. आम्ही दोघे तेथे उभे होतो तेव्हा ऊन कलले होते आणि सावली सरकत होती. आमच्याजवळ फुले नव्हती. गुब्बिओच्या झऱ्याचे थोडे पाणी बाटलीत होते. ते ओंजळीत घेऊन, मावळत्या सूर्याकडे तोंड करून, आम्ही उभयतांनी प्रथम यशवंतरावांच्या नावाने, मग ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्या नावाने आणि शेवटी त्या चाळीस जणांच्या नावाने सोडले. हा विधी शास्त्रोक्त होता की नाही, ते पुरोहित मंडळींनी सांगावे. गुब्बिओच्या जुन्या पुरोहितांनी हरकत घेतली नसती, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या दिवशी मोटार परत केली. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस जातील तर त्यांनी काश्शीनेची छत्री अवश्य पाहावी. पण तेथेच थांबू नये. पुढे डोंगरावर आपले आणखी एक माणूस आहे.