गळ्यात पट्टा असलेले कुत्रे

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयाची तपासणी करताना श्वानदंशाची नोंदवही चाळत होतो. दिनांक, नाव, वय, जखमेची जागा, जखमेचा वर्ग, लशीची मात्रा आणि शेवटचा रकाना : प्राणी. बहुतेक ओळींपुढे 'भटका' असे लिहिलेले होते. मध्येच चार वर्षांच्या एका मुलीची नोंद लागली. जखम गालावर व ओठावर, वर्ग तिसरा आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : 'घरचा'. पुढे काय झाले, असे मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, कुत्र्याला लस दिलेली होती. मुलीलाही दिली. आता पुढे काय व्हायचे?"

त्यांचे उत्तर चुकीचे नव्हते. आपल्या प्रशासनाला कुत्र्याविषयी दोनच प्रश्न विचारायची सवय आहे. कुत्रे कोणाचे आहे आणि ते पिसाळलेले आहे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली की फाईल बंद होते. ही सवय कोठून आली, हे शोधू लागलो तेव्हा सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागले.

पहिल्या प्रश्नाचे मूळ मुंबईत सापडते. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत कंपनी सरकारच्या काळात तेथे रूढ होती. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते, आणि असे बक्षीस लावले की जे होते तेच झाले. कुत्री पकडणारे लोकांच्या दारात, अंगणात शिरू लागले आणि पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, अशी तक्रार सुरू झाली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीतही त्याची गरज असते. ६ आणि ७ जून १८३२ या दोन दिवशी मुंबईच्या कोटात दंगल उसळली, दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीचा दाणागोटाही अडवला गेला. एका कुत्र्यापायी राजधानीचे शहर बंद पडू शकते, हे सरकारने त्या दिवशी पाहिले.

मालकाचे कुत्रे आणि बेवारशी कुत्रे यांच्यातील रेषा पुढच्या सर्व नगरपालिका कायद्यांत ठळक होत गेली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कुत्र्याच्या परवान्याची तरतूद आहे. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका अधिनियमातील ३९९ व्या कलमात नोंदणी, गळपट्टा आणि त्याला अडकवायचा धातूचा बिल्ला, हे सारे तपशिलाने येते. पण हा बिल्ला काय सांगतो? या कुत्र्याला धनी आहे, त्याला उचलू नका, एवढेच. बिल्ला कुत्र्याचे रक्षण करतो. त्या कुत्र्यापासून घरातील मुलाचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न बिल्ला देणाऱ्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. मी पाहिलेल्या परवान्याच्या अर्जांत जात, रंग, वय, लशीचा दाखला आणि शुल्क एवढे विचारलेले असते. घरात लहान मुले आहेत काय, कुत्रे कोठे बांधले जाते, पूर्वी कोणाला चावले आहे काय, हे रकाने मला आजवर कोठे दिसलेले नाहीत.

दुसरा प्रश्न रोगाचा. १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली लस पुढे अनेक दशके पोटात इंजेक्शने देऊन वापरली गेली. आमच्या पिढीच्या बालपणी 'चौदा इंजेक्शने' हा शब्दच पुरेसा धाक होता. या संस्थांनी वाचवलेल्या जिवांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. रेबीज झाला की मरण अटळ, आणि संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु या भीतीने एक गोष्ट झाकली गेली. निरोगी, लस दिलेले, परवाना असलेले कुत्रेही मुलाचा चेहरा फाडू शकते. अनेक देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष येथे जुळतात. लहान मुलांना चावणारे कुत्रे बहुधा ओळखीचे असते, प्रसंग बहुधा घरात किंवा शेजारी घडतो आणि मुलाची उंचीच अशी असते की जखम डोके, चेहरा व मान येथे होते. नोंदवहीतील त्या मुलीची नोंद या तिन्ही गोष्टींचा नमुना होती.

मग कायदा आंधळा होता काय? नव्हता, आणि याचेच मला आश्चर्य वाटते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २८९ वे कलम होते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा जो संभाव्य धोका असेल, तो टाळण्यास पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम कोणाच्या शेजारी बसवले होते, ते पाहावे. २८४ विषाविषयी, २८५ विस्तवाविषयी, २८६ स्फोटक द्रव्यांविषयी, २८७ यंत्रांविषयी, २८८ इमारतींविषयी आणि त्यानंतर प्राणी. संहिताकारांच्या नजरेत कुत्रा हा घरात ठेवलेल्या दारूगोळ्यासारखा होता. ठेवायला हरकत नाही, पण तो कसा ठेवला याचा जाब ठेवणाऱ्याला द्यावा लागेल.

या कलमाचे आणखी तीन गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. गुन्हा होण्यासाठी कोणी चावले जाणे आवश्यक नाही, व्यवस्था अपुरी असणे पुरे आहे. गुन्हा दखलपात्र आहे. आणि कलमात रस्ता, सार्वजनिक जागा असा एकही शब्द नाही, म्हणजे ते घराच्या चार भिंतींच्या आतही लागू होते. चेहऱ्याची कायमची विद्रूपता ही संहितेच्या व्याख्येप्रमाणे जबर दुखापतच आहे.

हे मोठे का, ते समजण्यासाठी ज्या देशातून आपला कायदा आला तेथे काय चालले होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. इंग्रजी न्यायपद्धतीत कुत्रा चावल्याची भरपाई मागायची तर त्याचा स्वभाव घातक आहे आणि मालकाला ते ठाऊक होते, हे सिद्ध करावे लागे. पहिला चावा माफ, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ. १८६५ साली पार्लमेंटने हा नियम बदलला, पण फक्त मेंढ्या व गुराढोरांपुरता! मेंढी फाडली तर मालकाने निमूट भरपाई द्यावी, मूल फाडले तर कुत्र्याचा पूर्वेतिहास सिद्ध करावा. मेंढीमागे शेतकऱ्यांचे मतदारसंघ होते, मुलामागे कोणी नव्हते. १९७१ च्या प्राणिविषयक कायद्यातही हा फरक पूर्णपणे मिटला नाही.

१८४७ च्या तेथील एका नगर पोलिस कायद्यात मुसके न बांधता क्रूर कुत्रे मोकळे सोडणाऱ्यास दंड सांगितलेला होता, तो फक्त रस्त्यासाठी. तीच भाषा शंभर वर्षांनी १९५१ च्या मुंबई पोलिस अधिनियमात उतरली, रस्त्यासकट. पुढे १९९१ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्ड येथे सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलने हल्ला केला, वृत्तपत्रांत काहूर उठले आणि दोन-तीन महिन्यांत धोकादायक कुत्र्यांचा कायदा संमत झाला. घाईने केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून तो आजही सांगितला जातो. चार जातींवर बंदी आली. इतर सर्व कुत्र्यांसाठीही एक कलम होते, पण त्याचा मुख्य रोख सार्वजनिक जागेवर होता. स्वतःच्या घरात, मालकाच्या डोळ्यांदेखत, पाळलेल्या कुत्र्याने मुलाला चावले तर त्या कलमाखाली गुन्हा होत नसे. ही त्रुटी २०१४ साली दूर झाली. आपल्याकडे ती १८६० पासूनच नव्हती.

आणि तरीही आपल्याकडे हे कलम गंजून गेले. दंडाची रक्कम पाहा. १८६० चे हजार रुपये म्हणजे कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. संहिता रद्द होईपर्यंत, म्हणजे ३० जून २०२४ पर्यंत, ती रक्कम हजारच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९१ क्रमांकाने आले आणि दंड पाच हजार झाला. नोएडा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्येच, पाळीव कुत्र्याने इजा केली तर मालकाने दहा हजार दंड व उपचाराचा खर्च द्यावा, असे ठरवले होते. संसदेच्या कायद्यापेक्षा एका नगर प्राधिकरणाचा ठराव महाग, अशी आपली स्थिती आहे.

रक्कम हे मात्र दुय्यम कारण. खरे कारण, या कलमासाठी तक्रारदार लागतो असा आपला समज. शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध लोक तक्रार करतात, तीही भांडण विकोपाला गेल्यावर. घरच्या कुत्र्याविरुद्ध कोण करणार? मूल चार वर्षांचे, आणि कुत्र्याचा मालक हाच मुलाचा पालक.

गेल्या काही वर्षांत शहरी मध्यमवर्गात परदेशी रक्षक जातींची हौस वाढली. बंगल्यासाठी व शेतासाठी घडवलेली ही कुत्री दोन खोल्यांच्या घरात आली. ५ मे २०२४ रोजी चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागातील एका उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला. मुलगी त्या उद्यानाच्या रखवालदाराची. पोलिसांनी मालकाला अटक केली ती इतर कलमांसोबत याच २८९ खाली. संहितेचे आयुष्य तेव्हा दोन महिन्यांहून कमी उरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूण येथे सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात मरण पावला. २०२५ मध्ये गोव्याच्या विधानसभेपुढे प्राण्यांची पैदास व पालन यांच्या नियमनाचे विधेयक आले, आणि भरपाई हा शब्द त्याच्या नावातच होता, ही मला आशेची गोष्ट वाटते.

केंद्राची वाट वेगळी होती. १२ मार्च २०२४ रोजी पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र लिहून २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण संबंधितांशी पुरेशी चर्चा झाली नव्हती. १९९१ च्या इंग्लंडची चूक आपण पत्राने केली, एवढाच फरक! जातींची यादी करणे प्रशासनाला आवडते, कारण यादीला तपासणी लागत नाही. कुत्र्याला साखळी केवढी, फाटक किती उंच, मुलाजवळ त्याला एकटे कोण सोडतो, हे पाहायला घरापर्यंत जावे लागते. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याच्या मालकावर जबाबदारी टाकलेली होती ती प्रजनन, लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवान्याची. त्या ओळीत चाव्याचा उल्लेख नव्हता.

घरापर्यंत जाण्याचा अधिकार मात्र कोणाकडे तरी होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली कोणताही धोकादायक प्राणी नष्ट करावा, बंदिस्त ठेवावा किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावावी, असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकत असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे १५२ वे कलम आहे. येथे तक्रारदार लागत नाही. पोलिसांचा अहवाल 'किंवा इतर माहिती' पुरते, आणि रुग्णालयाची नोंदवही ही माहितीच आहे. परंतु ती आरोग्य खात्याकडे आकडा म्हणून जाते, महसूल खात्याकडे येत नाही. प्रकरणाचे शीर्षक सार्वजनिक उपद्रवाचे आहे, तेव्हा घरातल्या कुत्र्याला ते कसे लागू होईल, असे कोणी वकील म्हणेलच. त्यावर माझे उत्तर असे की अडथळ्याच्या पोटकलमात सार्वजनिक जागेची अट स्पष्ट लिहिली आहे, प्राण्याच्या पोटकलमात ती नाही.

हे आज सुचते. प्रांताधिकारी असताना मी हे कलम कुत्र्यासाठी एकदाच वापरले. शाळेच्या वाटेवरील एका बंगल्यातील अल्सेशियन दोन मुलांना चावले होते. मालक गावातील प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांच्या वकिलाने परवाना व लशीचा दाखला पुढे केला. तोच पट्टा, तोच बिल्ला! मी आदेश कायम केला : कुंपणाची उंची वाढवावी, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी कुत्रे साखळीला असावे, बाहेर नेताना मुसके बांधावे. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ भेटायला आले. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "आमच्या घरात दोन वर्षांचा नातू आहे, साहेब. त्याच्या अंगाखांद्यावर खेळते ते. त्याला कधी ओरखडा नाही काढला." मी विचारले, "ते दोघे खेळतात तेव्हा जवळ कोण असते?" त्यांना हा प्रश्न अपमानास्पद वाटला आणि ते उठून गेले.

आदेशाची प्रत माझ्याजवळ आहे. त्यात कुंपण आहे, साखळी आहे, मुसके आहे, शाळेच्या वेळा आहेत. फाटकाच्या आतल्या नातवाविषयी त्यात एकही ओळ नाही.